हबश्याचं घर

होळी होऊन आठवडा झाला होता. मी ओट्यावर बसून फाटकं जाळं सांधत होतो. समोर दोरीवर बोंबील सुकत घातलेले, ओहोटी लागलेली, खाडीचा चिखल उन्हात उघडा पडलेला. अशा वेळी मला कुणी बोललेलं आवडत नाही. मला फक्त स्वतः बोललेलं आवडतं.

तेवढ्यात माझी नात योगिनी बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ती वाशीला एका लॅबमध्ये रक्त तपासते. घरी आली की आमचं तपासते.

"आजा, संडेला विश्वजितचे पप्पा येतायत, बोलणी करायला. घरात दोन शब्द नकोत."

"कुठले दोन?"

"एक हबशी. दुसरा घाटी."

"मंग मी बोलू काय? मुका बसू?"

"बसा की," आतून माझी बायको जमुना म्हणाली. "कोळीवाड्याला जरा आराम."

आता हा हबशी कोण, तर मीच. मी काळा आहे. आमच्यात सगळेच उन्हात रापलेले, पण मी त्यांच्यातही उठून दिसतो. लहानपणी माझ्या दोस्ताच्या, खलीलच्या आजाने मला चिखलात चिंबोऱ्या पकडताना पाहिलं. तो मुरुड-जंजिऱ्याकडचा, त्याने शिद्दी लोक पाहिलेले. तो म्हणाला, "ह्यो कोनाचा पोर? निस्ता हबशी." खलील माझ्याबरोबरच चिखलात होता. त्याने ते गावभर केलं, आणि तेव्हापासून मी हबशी. होडीवर मी 'एकवीरा प्रसाद' असं रंगवून घेतलं, तरी ती हबश्याचीच होडी. सूरज माझा मुलगा, जासईला कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे, तोही तिथे हबश्याचा सूरज. एकदा मला हौस आली आणि मी नगरपालिकेला उभा राहिलो. यादीत खरं नाव छापलेलं. लोक मतदान करून आले आणि मलाच विचारायला लागले, "हबशी, तुजा नाव कुठं दिसला नाय रे?" मी सपाटून पडलो.

तर अशा माणसाला नात सांगते की हबशी म्हणायचं नाही.

"अगं, माज्या अंगाला नाय लागत तो शब्द," मी म्हणालो.

"तुझ्या नाही लागत," ती म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं मी जिंकलो. घरात कुणी बोलायचं थांबलं की मला तसंच वाटतं.

घाटी शब्दाचं मात्र मला खरंच अवघड होतं. घाटावरून आलेला तो घाटी, हे मी आईच्या दुधाबरोबर शिकलो. भाजीवाला घाटी, कंडक्टर घाटी, सूरजचा साहेब घाटी. त्यात वाईट काय, हे मला कधी कळलं नव्हतं, कारण मला कुणी घाटी म्हटलं नव्हतं. विश्वजितचे वडील धर्मराज साताऱ्याकडचे. वाशीच्या मार्केटात माथाडी, सगळी उमर कांद्या-बटाट्याच्या गोणी वाहिल्या, आता निवृत्त. बायको गेलेली, एकुलता एक मुलगा. योगिनीने आम्हाला आधीच बजावून ठेवलं होतं की त्यांचा होकार आला तरच लग्न. वडिलांचं मन मोडून विश्वजित काही करणार नाही आणि तीही त्याला करायला लावणार नाही. म्हणजे सगळं त्या रविवारावर होतं.

मी आठवडाभर सराव केला. सकाळी जमुनाला म्हणायचो, "तो घाटावरचा दूधवाला आला का?" ती म्हणायची, "दूधवाला आला का येवढाच बोलला तरी चालंल." हे मला सुचलंच नव्हतं.

रविवार उजाडला. जमुनाने पापलेट, कोळंबी, तांदळाच्या भाकऱ्या सगळं तयार ठेवलं. सूरजने इस्त्रीचा शर्ट घातला. मला धोतर-टोपी नको, पँट घाल असं सांगण्यात आलं. आम्ही ओट्यावर रांगेने बसलो आणि वाट पाहू लागलो. पाहुणे काही येईनात.

झालं होतं असं, की विश्वजितची मोटरसायकल जासईच्या पुढे कंटेनरच्या रांगेत अडकली. धर्मराज एसटीने पुढे आले. त्यांनी बंदरावर विचारलं, "बाळाराम सिताराम कोळी कुठं राहत्यात?" योगिनीने त्यांना माझं एवढंच नाव दिलं होतं. आमच्या घरावरचा नंबराचा पत्रा खाऱ्या वाऱ्याने कधीच खाल्ला. पूर्ण वाड्यात एकच बाळाराम सिताराम कोळी सगळ्यांना माहीत आहे, आणि तो मी नव्हे. तो बाळाराम चिंबोरी. गुडघ्यामुळे खेकड्यासारखा तिरका चालतो म्हणून चिंबोरी. त्याचाही बाप सिताराम.

पोरांनी धर्मराजना चिंबोऱ्याच्या दारात नेऊन सोडलं. जवळची वाट म्हणून ओहोटीच्या चिखलातून नेलं, त्यांचे नवे बूट गेले. चिंबोऱ्याच्या घरात लग्नाची नात आहे, ईश्वरी. दारात इस्त्रीच्या कपड्यातला परका माणूस, हातात पेढ्यांचा पुडा, आणि तोंडात वाक्य, "पोरगी बघायला आलोय." चिंबोऱ्याने त्यांना पाय धुवायला पाणी दिलं, पाटावर बसवलं, कालवण वाढलं आणि ईश्वरीला साडी नेसवून पुढे आणली. ती गोरी, आमची योगिनी माझ्या रंगाची. धर्मराजनी योगिनीचा फोटो पाहिलेला. ते पोटभर जेवले, पण मनातून घाबरले, की फोटो एकीचा दाखवला आणि पोरगी दुसरीच उभी केली.

शेवटी विश्वजितचा फोन आला तेव्हा उलगडा झाला. चिंबोऱ्याने कपाळावर हात मारला. "म्हंजे तुमाला हबश्याच्या घरी जायचा व्हता? आधी बोलायचा ना!"

आणि तो स्वतः त्यांना घेऊन आला. साऱ्या आळीतून, तिरका चालत, ओरडत, "ओ हबशी! तुजे पाव्हने माज्या घरी जेवले रे!"

मी सवयीने हात वर केला. योगिनी माझ्याकडे बघत होती. मी हात खाली घेतला, पण उशीर झाला होता.

धर्मराज बसले. विश्वजितही आला. पापलेट पुढे ठेवलं तर पाहुण्यांच्या पोटात जागा नव्हती. जमुना मला डोळ्यांनी सांगत होती की बोलू नका. मला शांतता सोसत नाही.

"आवं," धर्मराजच म्हणाले, "एक इचारू? त्या माणसानं तुमाला हबशी म्हनून हाक मारली. भर रस्त्यात. तुमाला राग न्हाई येत?"

हा प्रश्न मला कुणी तरी विचारावा म्हणून मी जन्मभर थांबलो होतो. मी पाय पोटाशी घेऊन नीट बसलो.

"अवो शब्द काय करनार? आपुन मनाला लावून घेतला तर लागतो. आता हेच बगा. आमी तुमाला घाटी बोलतो. त्यानं तुमाला काय..."

ते तोंडातून निघाल्यावर मला ऐकू आलं. जमुनाने डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला. सूरज उगाच पंख्याकडे पाहू लागला. दाखला द्यायला मला अख्ख्या भाषेत तोच शब्द सापडला.

धर्मराजनी चहाची बशी खाली ठेवली. "गाळ्यावरचा शेठ," ते हळू म्हणाले, "माझ्या बापाच्या वयाचा न्हवता, माझ्या पोराच्या वयाचा हुता. ए घाटी, गोनी उचल. नाव म्हाईत असून. पाठीवर गोन असली की मान वर करता येत न्हाई, तवा त्याचं तोंडबी दिसायचं न्हाई. निस्ता शब्द ऐकू यायचा. अजून झोपेत ऐकू येतो."

"पप्पा, सोडा ना," विश्वजित हसून म्हणाला. "आता तसं काय राहिलं नाही. आमच्या टीमचं नावच घाटी इलेव्हन आहे. जर्सीवर छापलंय. पोरं भाव देतात."

"ते तू मला सांगू नगंस!" धर्मराज एकदम कडाडले. "त्या शब्दापायी म्या शेठच्या अंगावर गोन टाकली हुती. दोन म्हैनं काम न्हवतं मला. आन तू त्योच छातीवर घालून बॅट फिरवतोस!"

मला वाटलं संपलं. सोयरीक गेली आणि ती मी घालवली. तेवढ्यात योगिनीने हातातला ट्रे खाली ठेवला. ती माझ्याशी बोलत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती.

"आजा, शाळेच्या स्पोर्ट्सला तू यायचास. कुंपणाशी उभा राहायचास. आठवतं?"

"तर! दर वर्षी. तू धावायचीस ना."

"मी पळायला उभी राहिले की पोरं ओरडायची. हबशी, हबशी. हबशीण पळाली. मी रडत पळायची. आणि तू..." तिने आता माझ्याकडे पाहिलं. "तुला वाटायचं तुला हाक मारतायत. तू हात हलवायचास."

मला ते आठवत होतं, अगदी स्वच्छ. पोरं माझं नाव घेतात म्हणून मी खूश व्हायचो. वर टोपी काढून हलवायचो. नात पहिली का येत नाही, याचं मला नवल वाटायचं.

मी काही बोललो नाही. हे माझ्या आयुष्यात क्वचित झालं आहे, जमुना साक्षीला आहे.

मग धर्मराज उठले आणि योगिनीसमोर जाऊन उभे राहिले. हात जोडावेत तसे त्यांनी पेढ्यांच्या पुड्यावर दोन्ही हात धरले होते. पुडा चिंबोऱ्याच्या घरी फोडलेला, अर्धाच उरलेला.

"पोरी, तू आमच्या घरी ये. माझ्या बाजूनं बोलाया घरात कुनीतरी पायजे."

अशी ती सोयरीक जुळली. ती माझ्या शब्दामुळे जुळली असं मी चारचौघांत सांगतो, आणि ते खोटं नाही.

पाहुणे गेल्यावर मी योगिनीला अंगणात गाठलं. "मी वाड्याला सांगतो," म्हणालो. "तुज्या हळदीला कोन तसा बोलनार नाय. बोलला तर टांगडी तोडतो."

"लोकांची तोंडं नाही बंद होणार, आजा. आणि तू कोणाची तंगडी तोडणार? तुला जिना चढवत नाही." तिने माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. "तू फक्त ओ देऊ नको. एवढंच कर."

एवढंच ना, म्हणून मी हसत हो म्हणालो.

लग्नपत्रिकेवर बाळाराम सिताराम कोळी एवढंच छापलं, कंसात काही नाही. त्याचा परिणाम काय होणार हे आता मला ठाऊक होतं. म्हणून हळदीच्या दिवशी मी उन्हं कलल्यापासून बंदरावर उभा राहिलो, येणाऱ्या प्रत्येकाला हाताला धरून आमच्या घराची वाट दाखवायला. तरी काही लोक चिंबोऱ्याकडे गेलेच. त्याने या वेळी शहाणपणाने जेवण केलंच नव्हतं.

संध्याकाळची लाँच लागली. भाऊच्या धक्क्यावरून आलेल्या गर्दीत खलील होता, मला ते नाव गावभर वाटलेला माझा खलील. तिथे सुक्या मासळीचं काम करतो. बरोबर त्याची बायको सकिना, दोघं ठेवणीतल्या कपड्यांत. त्याने मला लांबूनच पाहिलं आणि दोन्ही हात वर करून, सगळ्या बंदराला ऐकू जाईल असा ओरडला, "ए हबशी!"

माझा उजवा हात उठला. मी तो डाव्या हाताने धरला.

"हबशी रे! बहिरा झालास का?"

लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. खलीलचा चेहरा आनंदाने फुललेला, त्याच्या मनात वाईटाचा लवलेश नाही. आणि मी ओ देत नव्हतो, नुसता ऐकत होतो. आजवर मी ओ देण्याच्या घाईत असायचो, तो शब्द असा कधी ऐकलाच नव्हता. तो लागला. ज्या वयात माणसाचे दात जातात त्या वयात मला हा एक दुखणारा नवीन आला.

खलील लाँचमधून उतरून जवळ आला. हसू उतरलं होतं. "काय झाला रे? रागावलास माज्यावर?"

"नाय," मी म्हणालो. "खलील, आजच्या दिवस मना बाळाराम म्हन."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला हसू येत होतं, पण माझं तोंड बघून त्याने ते गिळलं. त्याने टोपी सारखी केली, घसा खाकरला आणि एखाद्या परक्या माणसाशी बोलावं तसं अवघडत म्हणाला, "बाळाराम."

मी मागे वळून पाहिलं, चिंबोरी आला की काय.