स्तासेची जागा

युर्गाचा प्रश्न अर्ध्यावर असतानाच झिगमंतास वाकला. सुरीच्या टोकाने त्याने शेवाळ बाजूला सारले, अळंबीचा देठ जमिनीलगत कापला, टोपी हुंगून पाहिली आणि अळंबी टोपलीत ठेवली. मग तो सरळ झाला आणि चालू लागला. प्रश्न मागेच राहिला.

समुपदेशनाच्या खोलीत समोरासमोर बसून तो एक शब्दही बोलला नव्हता, म्हणून त्याची समुपदेशक युर्गा हिने त्याला वारेना गावच्या जंगलात चालायला आणले होते. शेजारीशेजारी चालणाऱ्यांना डोळे चुकवावे लागत नाहीत, असा या पद्धतीमागचा तर्क. युर्गाचे मूळ शिक्षण शरीरक्रियाशास्त्राचे. तर्काला पुष्टी देणारे अभ्यास तिने वाचले होते आणि त्यांत तपासलेली माणसे फार थोडी होती, हेही तिच्या नजरेतून सुटले नव्हते. म्हणून ती प्रत्येक फेरीची नोंद ठेवी: वेळ, अंतर, फोनवर उमटलेला वाटेचा नकाशा, बोललेली वाक्ये. पाच फेऱ्यांत एकोणतीस किलोमीटर झाले होते. वाक्ये चौदा.

यात चूक तिचीच होती, असे तिला वाटे. पहिल्या दिवशी तो भरलेली टोपली घेऊनच आला होता आणि त्याला बोलते करायला म्हणून तिने विचारले होते, "एवढ्या कुठे सापडल्या?"

"जंगलात," तो म्हणाला होता आणि पुढे चालू लागला होता. वारेनात आपली अळंब्यांची जागा कोणी कोणाला सांगत नाही; हा प्रश्न तिथे शाळकरी पोरही विचारत नाही. युर्गा विल्नियसची होती, पण तेवढ्यावर माफी मिळण्यासारखे नव्हते.

आज सहावी आणि शेवटची फेरी. संध्याकाळी त्याची मुलगी विल्मा बेर्गनहून फोन करणार होती. एप्रिलमध्ये आई गेल्यापासून बाबा धड जेवत नाहीत, फोन उचलत नाहीत, अशी तिची तक्रार. बाबा एकटे राहू शकत नाहीत असे युर्गाने सांगितले, तर महिनाअखेरीस ती घर विकून त्यांना नॉर्वेला नेणार होती. उलट सांगायला युर्गाजवळ पुरावा नव्हता. 'पुढच्या आठवड्यात तुम्हाला काही करायचे आहे का?' या फेरीनंतरच्या कागदावरच्या प्रश्नापुढे झिगमंतासने पाचही वेळा आडवी रेघ ओढली होती.

"विल्माला आज काय सांगू?" तिने विचारले.

"सांगा, म्हातारा चालतो."

"ते तिला माहीत आहे."

"मग ती कशाला विचारते? तिथं अळंब्या दुकानात मिळतात, डॉक्टरबाई. प्लास्टिकात गुंडाळून."

"मी डॉक्टर नाही."

"मला तरी कुठं काय झालंय!"

युर्गाने वाक्ये मोजली आणि तिला स्वतःचीच थोडी लाज वाटली.

पायवाट संपते तिथे तो थांबला. त्याने मागे वळून पाहिले, मग तिच्या बुटांकडे पाहिले.

"तुमच्या घरी कोणी अळंब्या गोळा करतं?"

"आई करायची. आता गुडघे दुखतात."

त्याने मान हलवली आणि वाट सोडून झुडपांत शिरला. युर्गा मागोमाग गेली. उतार उतरल्यावर पाइनच्या झाडांमध्ये एक खोलगट जागा होती आणि शेवाळातून तपकिरी टोप्या वर आल्या होत्या. अकरा.

"ही स्तासेची जागा," तो म्हणाला. "बेचाळीस वर्षं संसार केला, पण जागा काही सांगितली नाही. टोपली आणून टेबलावर ठेवायची. मी विचारायचो, कुठं सापडल्या गं? म्हणायची, जंगलात."

"मग तुम्हाला कशी कळली?"

"लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मागनं आलो होतो. त्या झाडाआड उभा राहिलो." त्याने सुरी बाहीवर पुसली. ती स्वच्छच होती. "पुढं दर वर्षी विचारत राहिलो. थांबलो असतो तर तिला कळलं असतं."

युर्गाने त्या झाडाकडे पाहिले.

"यंदा विचारायला कोणी नव्हतं. अन् पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत. माझ्या तोंडून तिचंच उत्तर गेलं." तो गुडघ्यांवर बसला. "घरी जाऊन बटाटे उकडले मी. पोटभर खाल्ले."

त्याने आठ अळंब्या कापल्या. उरलेल्या तीन अंगठ्याएवढ्या होत्या. त्यांच्यावर त्याने शेवाळ ओढले आणि झोपलेल्या मुलाचे पांघरूण सारखे करावे तसे तळहाताने दाबून बसवले.

"या लहान आहेत अजून. गुरुवारी येईन. पाऊस झाला तर बुधवारी."

त्याला घरी सोडल्यावर युर्गाने गाडी थांबवून फोन उघडला. नकाशावरची तांबडी रेघ पायवाटेने सरळ जात होती, मग डावीकडे वळून एका ठिपक्यापाशी सतरा मिनिटे थांबली होती. अचूकता तीन मीटर. नोंद कायमची पुसायची का, असे फोनने दोनदा विचारले. दोन्ही वेळा तिने हो म्हटले. या कामाच्या सहा वर्षांत तिने एकही मोजमाप नष्ट केले नव्हते.

विल्माचा फोन ठरल्या वेळी आला.

"काय ठरलं? मी तिकीट काढू का?"

"इतक्यात नको. त्यांना गुरुवारी काम आहे. पाऊस झाला तर बुधवारी."

"काम?" विल्माने विचारले. "बाबांना? कुठे?"

शेजारच्या सीटवर झिगमंतासने दिलेल्या दोन अळंब्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या. गाडीभर त्यांचा ओला वास पसरला होता.

"जंगलात," युर्गा म्हणाली.