चिखलातली बाई

अख्खा हिवाळा यमीना गाबेसच्या खाडीत उभी राहून रोहित पक्ष्यांबद्दल कॅमेऱ्याशी बोलली होती. राजधानीतल्या वाहिनीने निवेदिका म्हणून तिलाच घेतलं होतं. आज गावच्या सांस्कृतिक भवनात तो माहितीपट दाखवणार होते. उम्मी, तिची आई, ठेवणीतली पांढरी चादर पांघरून आली होती, आणि येताना सगळी गल्ली घेऊन आली होती.

पडद्यावर थवा उडाला. मग बोलू लागली एक गोरी, पिंगट केसांची मुलगी. वाक्यं यमीनाची. जाकीटसुद्धा तिचंच.

"ही कोण गं?" उम्मीने विचारलं. "तू कधी येतेस?"

मग पडद्यावर यमीना आली. गुडघाभर चिखलात, वाकलेली, काळाभोर चेहरा घामाने निथळणारा. रुतलेला कॅमेऱ्याचा स्टँड ती उपसत होती, पण चित्रातून स्टँड तेवढा कापून टाकला होता. गोरीचा आवाज म्हणाला, "इथल्या गरीब बायका अशाच तिसऱ्या-शिंपल्या वेचून पोट भरतात."

मागे कुणीतरी हसलं. "वसीफ," दुसरा पुटपुटला. गुलामाची अवलाद. हा शब्द यमीना शाळेपासून ऐकत आली होती.

ती उठली आणि पहिल्या रांगेत दिग्दर्शकासमोर जाऊन उभी राहिली.

"सी लुत्फी," नेहमीसारखं आदराचं 'सी' लावूनच ती म्हणाली, "माझं तोंड कुठं गेलं?"

"बस ना. नंतर बोलू."

"आत्ता बोलू."

"वाहिनीवाले म्हणाले, बघणाऱ्याला हा आपला देश वाटला पाहिजे. मी भांडलो गं तुझ्यासाठी. बहिणीसारखी आहेस मला."

"बहिणीची अशी शोभा करतोस?" अहोजाहो आपसूक गळून पडलं. "आणि मी कुठल्या देशाची रे? माझा पणजा इथंच पुरलाय."

ती पडद्यापुढच्या मंचावर चढली. कुणीतरी दिवे लावले. "मी तिसऱ्या वेचणारी बाई नाही," ती ओरडली.

"मी आहे," उम्मी जागेवरून म्हणाली. तिच्या शेजारी बसलेल्या चौघीजणीही तेच काम करायच्या. "त्याच्यावर शिकलीस तू. त्याची लाज वाटली का तुला?"

यमीना तिच्याकडे वळली. "नाही उम्मी. त्यांनी माझं काम चोरलं, आणि तुझं काम शिवीसारखं वापरलं."

"मग तेवढंच सांग. नीट सांग."

तिने सांगितलं. कुठलं वाक्य तिचं, कुठल्या पहाटे बोललेलं, सगळं. काहींनी शिट्ट्या मारल्या, काही उठून गेले. लुत्फी तर मध्येच निघून गेला.

शुक्रवारी माहितीपट वाहिनीवर लागला. तिसऱ्यांचं वाक्य काढलं होतं, त्याच्याबरोबर यमीनाही. आता ती कुठंच नव्हती. उम्मीने टीव्ही बंद केला आणि रागारागाने कांदे चिरायला बसली.

महिन्याभराने लुत्फीचा फोन आला. नवा माहितीपट, समुद्री कासवांवरचा. "या वेळी निदान आवाज तुझाच ठेवू," तो म्हणाला.

"आवाज माझ्या तोंडातून निघतो," यमीना म्हणाली आणि फोन ठेवला.