लिस्बोना, तीन सुरांत

पान १२.
ऑपेराच्या पुस्तकात मूळ शब्दावर कागदाची पट्टी. खाली पालेर्मो, वर लिस्बोना. आमच्या शहराने, पालेर्मोने, परक्या शिपायांना हाकललं, त्याची ही साडेपाचशे वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्यावर राज्य करणाऱ्या नेपल्सच्या राजाला ती इथे घडलेली नको होती. पोलिसांनी अख्खा ऑपेरा उचलून पोर्तुगालात नेऊन ठेवला. दोन्ही नावं तीनच सुरांत बसतात, त्यामुळे चालीला धक्का लागला नाही.

पान १२, समास.
कोरसला वाचता येत नाही. महिनाभर त्यांनी पालेर्मो घोकलं. पट्टी आली चार दिवसांपूर्वी. म्हणून रंगमंचाच्या कडेला, खड्ड्यात बसून मी, प्रॉम्प्टर रोसोलिनो, दर वेळी आधी नवा शब्द द्यायचा. मी गप्प बसलो तर जुनाच तोंडात येणार.

"तीन प्रयोग शांततेत होऊ द्या," पोलीस अधिकारी म्हणाला होता. "रविवारी जावई घरी."

नुंत्सियो पाच महिने तुरुंगात. माझ्या लेकीचे, आगाताचे, दिवस भरत आलेले.

पान १२, समासात आडवं.
कोरसमधली निंफा आमच्याच गल्लीतली. जिभेला हाड नाही.

"काय काका, ह्या वयात लिस्बोनाला? बोट लागेल हं!"

"तू तुझं गा."

"गाते की. तुम्ही द्याल ते गिळायचं, आम्ही कोंबड्याच." मग हळूच, "रविवारी नुंत्सियो येतोय ना? आगाताच्या पायांची सूज उतरली का?"

"नाही अजून."

पहिला प्रयोग: दिला. दुसरा प्रयोग: दिला. गॅलरीतून शिट्ट्या, बाकी काही नाही.

पान १२, तिसरा प्रयोग.
ती चाल सुरू झाली आणि जुना शब्द ऐकायला गॅलरी उभी राहिली. कुणी ओरडलं नाही, नुसते उभे. मला खड्ड्यातून त्यांचे गुडघे दिसत होते, कठड्यामागे ओळीने.

शब्द जिभेवर होता. पुस्तक उघडं होतं. अधिकारी बॉक्समधून माझ्याकडेच पाहत होता.

मी तोंड उघडलं.




आवाज आला नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही. कोरसने माझ्याकडे पाहिलं, श्वास घेतला. आता येणार ते मला ठाऊक होतं. मला ते हवंही होतं, आगाताचा बाप असूनही.

"लिस्बोना!"

निंफा. एकटी, सगळ्यांच्या अर्धी मात्रा आधी, कावळीसारखी. बाकीचे तिच्यामागे गेले.

गॅलरीतून आलेलं पहिलं संत्रं तिच्या कानशिलावर बसलं. ती गात राहिली.

पान १३.
कोरं. (बाजारात तिला कुणी मासे विकत नाही. तिच्या दारावर कुणीतरी कोळशाने शिवी लिहिली. मी पुसायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या काका, मला कुठे वाचता येतं?")

रविवार.
नुंत्सियो आला. खंगलेला, पण आला. आगाताने त्याचा हात पोटावर ठेवून घेतला. जेवताना तो म्हणाला, "आत सगळं कळतं हं, बाबा. अख्खी गॅलरी उभी, आणि कुठल्याशा बाईने लिस्बोना म्हणून माती केली! कोण ती निर्लज्ज?"

आगाता ताटाकडे पाहत राहिली.

चाळीस वर्षं मी लोकांना आठवण करून देत आलो.

"आठवत नाही," मी म्हणालो.

त्याने संत्रं सोललं आणि अर्धं माझ्यापुढे धरलं.