एकशे एक गड्ड्या

“तू पान गाळलंस,” सासूबाई म्हणाल्या.

आमच्या उइसंग भागात जूनमध्ये लसूण निघाला की बाईला मान वर करायला फुरसत नसते. त्यातच माझ्या लेकीची, उनग्योची, पहिली कादंबरी पोस्टाने आली. आमच्या शेतावर राबलेल्या चार पिढ्यांच्या बायका तिने त्यात आणल्या. सासूबाईंना अक्षरओळख नाही. त्यांनी हुकूम सोडला, मी लसणाच्या जुड्या बांधते, तू वाच.

तीन दिवस वाचत होते, पण जीव थाऱ्यावर नव्हता. पुढे ती गोष्ट होती. सासूबाईंची पहिली मुलगी एक्याण्णव दिवसांची होऊन गेली. शंभर दिवस भरल्याशिवाय नाव ठेवायचं नाही, असा तेव्हा घरचा दंडक. म्हणून तिला नाव नाही, कुठे नोंद नाही. जन्मात एकदाच त्यांनी मला हे सांगितलं होतं, आणि माझ्या मेलीच्या तोंडात तीळ भिजला नाही. मी लेकीला सांगितलं, लेकीने छापलं.

मी म्हटलं, काही गाळलं नाही.

“आत्ता तर मी पोटुशी होते. लगेच भातलावणी कशी आली? मला येडी समजतेस?”

मग ते गाळलेलं पान वाचलंच. ताप, बर्फ, मामंजी तिला टोपलीत घेऊन टेकडीवर गेले ते. वर बघायची छाती होईना. आता या माझं तोंडही बघणार नाहीत, असं वाटत होतं. शेवटी नाव आलं, तशी त्यांनी मला थांबवलं.

“तिचं नाव ठेवलंय?”

“हो आई. दाल्ले. उनग्योने ठेवलं.”

दाल्ले म्हणजे आमच्या बांधावर उगवणारा रानलसूण. सासूबाईंचे हात चालूच होते.

“परत वाच,” त्या म्हणाल्या. “सगळं नको. नाव आहे तिथून.”

मी तीनदा वाचलं. माफी तोंडातच राहिली.

सासूबाईंची जुडी म्हणजे शंभर गड्ड्या. साठ वर्षांत एक कमी नाही, एक जास्त नाही. पण आज हात चुकला असेल म्हणून संध्याकाळी मी, वाचन चालू असताना त्यांनी बांधलेली जुडी मोजली. एकशे एक भरल्या. जास्तीची काढायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

“राहू दे,” म्हणाल्या.