अकरा पट्ट्यांवरचा पाच

मित्रांनो, मी एक जुना कॅलक्युलेटर आहे. खिशात मावणारा नव्हे. टेबलावर ठाण मांडून बसणारा, डोक्यावर कागदाची गुंडाळी असलेला. आकडे दाबले की मी करकर आवाज करत ते पट्टीवर छापतो. अधिकाचे काळे, उण्याचे लाल. मला गोष्ट सांगता येईल की नाही, याची शंकाच आहे. जन्मभर आकडे छापले, शब्द कधी छापला नाही. त्यातून जी गोष्ट सांगायची आहे ती माझी मलाच अजून नीट उमगलेली नाही. तेव्हा चुकलो तर सांभाळून घ्या.

माझी जुळणी झाली त्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर एक बाई बसत. त्यांनी अठ्ठावीस गुणिले सात दाबून पाहिलं. मी एकशे शहाण्णव छापलं. त्यांनी मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. एका प्रश्नाला एकच उत्तर असतं, हे मी तेव्हापासून धरून चाललो.

पुढे मी पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या हिशेब खात्यात आलो. तिथल्या वयस्कर साहेबांचा एक नियम होता. बेरीज झाली की पट्टी फाडायची, तिच्यावर तारीख घालायची, सही करायची आणि कागदाला पिन मारून ठेवायची. चुकलेली पट्टीसुद्धा टाकायची नाही. "माणूस कुठे चुकला ते उद्या कळायला हवं ना," असं ते म्हणत. त्यांच्या हाताखाली एक तेवीस वर्षांची मुलगी लागली. तिने हा नियम असा अंगी बाणवला, की पुढे घरातली वाण्याची यादीसुद्धा ती तारीख घालून पिन मारून ठेवू लागली. त्याच आमच्या बाई.

चांगली बारा वर्षं आम्ही दोघांनी मान खाली घालून काम केलं. "मशीन सांगतंय ना, मग झालं," असं लोक म्हणत तेव्हा मला संकोच वाटे, पण बरंही वाटे. मग संगणक आले. माझी रवानगी कपाटावर झाली, एका मोडक्या स्टेपलरच्या शेजारी. सहा वर्षं मी धूळ खात पडलो होतो. जुनं सामान विकायला काढलं त्या दिवशी बाईंनी मला कापडी पिशवीत घातलं आणि घरी आणलं.

घरी बाईंचे यजमान, ते शाळेत भूगोल शिकवतात, आणि बाईंचे सासरे, अप्पा. अप्पांनी उभी हयात घड्याळं दुरुस्त करण्यात घालवली. त्यांनी मला उघडलं, ब्रशने झटकलं, शाईची नवी फीत बसवली आणि म्हणाले, "गडी तगडा आहे. उगीच निवृत्त केला."

आता मुख्य गोष्ट. बाई आता कंपनीच्या वित्त विभागात दुसऱ्या क्रमांकावर आहेत. तीन वर्षांपूर्वी वरची खुर्ची रिकामी झाली, तेव्हा तिच्यावर ज्याला बसवलं त्याला काम बाईंनीच शिकवलं होतं. त्याच्याकडे एमबीए होतं, यांच्याकडे नव्हतं. मग कळलं, तीच खुर्ची आणखी दोन वर्षांत पुन्हा रिकामी होणार. संचालक म्हणाले, "काम तर तुम्हीच करता हो. पण कागद लागतो." नोकरी न सोडता करता येणारा एक एमबीए असतो, त्याला एक्झिक्युटिव्ह एमबीए म्हणतात. कंपनी सुट्टी द्यायला तयार होती, पण कोणत्या संस्थेत जाणार ते शुक्रवारपर्यंत लेखी कळवायचं होतं. एकदाच. नंतर बदल नाही.

संस्था तीन होत्या. बाईंनी त्यांना घरगुती नावं ठेवली होती. पहिली 'नावाची': दूरच्या शहरात, दर महिन्याला आठवडाभर जाऊन राहायचं, फी ऐकून यजमानांना ठसका लागला. दुसरी 'जवळची': दर शनिवार-रविवार, बसने वीस मिनिटं. तिसरी 'छोटी': फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, दर शनिवारी, वर्गात फक्त अठरा जण.

बाईंनी पाच गोष्टी लिहून काढल्या आणि शंभरातले गुण त्यांना वाटून दिले. संस्थेच्या नावाला तीस, अंतराला पंचवीस, फीला वीस, ओळखीपाळखी होतील त्याला वीस. पाच उरले. पेन्सिल थांबली. मग त्यांनी शेवटी लिहिलं, 'शिकायला आवडेल का', आणि उरलेले पाच तिथे टाकले. मग प्रत्येक संस्थेला प्रत्येक गोष्टीत दहापैकी गुण दिले; त्यांचे गुणाकार आणि बेरीज मी करायची.

रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी अर्धा तास आम्ही बसायचो. सोमवारी मी हिशेब केला. जवळची सहाशे पंचेचाळीस, नावाची सहाशे पंधरा, छोटी सगळ्यांत मागे. झालं, मला वाटलं. पण बाईंचा चेहरा पडला. त्यांनी पट्टी फाडली, तारीख घातली, पिन मारली, आणि नावाचे तीस होते ते चाळीस केले, अंतराचे दहा काढून घेतले. आता नावाची जिंकली. दर महिन्याचा प्रवास आणि फी आठवून बाई उलट घाबरल्या. पट्टी, तारीख, पिन. पुन्हा पहिल्यापासून.

मित्रांनो, मी चक्रावून गेलो. माणसं तीच, संस्था त्याच, आणि उत्तर मात्र घडीघडीला वेगळं! माझंच काही बिघडलं असेल, असं मला वाटू लागलं. मी मनातल्या मनात अठ्ठावीस गुणिले सात करून पाहिलं. एकशे शहाण्णवच येत होतं.

"अगं, त्या बिचाऱ्याला घेरी येईल आता," यजमान बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले.

"तूच सांग मग. कुठे जाऊ?"

"माझं काही म्हणणं नाही. तू म्हणशील ते."

"हेच! प्रत्येक जण हेच म्हणतो. निदान भांड तरी!"

बुधवारी संध्याकाळी बाई छोटीचा एक नमुना वर्ग बघून आल्या. बाहीला खडू लागला होता. एक कारखाना बंद करावा की चालवावा यावर तिथे वाद झाला होता आणि बाईंनी एका बँकेतल्या माणसाला निरुत्तर केलं होतं. चप्पल काढायच्या आधी त्या दारातच सगळं सांगत सुटल्या. मग चप्पल काढून आत आल्या. "पण त्या संस्थेला विचारतं कोण?" असं म्हणून मला पुढे ओढलं. त्या दिवशीही छोटी मागेच राहिली.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत अकरा पट्ट्या झाल्या. बाई डोकं धरून बसल्या होत्या. अप्पांनी पट्ट्यांचा गठ्ठा उचलला, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं आणि एकेक पट्टी जवळ धरून पाहू लागले.

"सूनबाई, ऑफिसात हाताखालच्या माणसाने असं केलं तर?"

"कसं?"

"हवं ते उत्तर येईपर्यंत आकडे हलवत राहिला तर?"

बाई लाजल्या. "कान उपटेन त्याचा."

"तुझे मी नाही उपटणार. पण एक सांग. नाव हललं, अंतर हललं, फी तर चार वेळा हलली. हा शेवटचा पाच मात्र अकराही पट्ट्यांवर तसाच. याला तू हातच लावला नाहीस."

"तो होय? तो उरलेला होता, अप्पा. कुठेतरी टाकायचा म्हणून टाकला."

"घड्याळात सगळं हलत असतं. एखादं चाक हलत नसेल तर आम्ही आधी तेच बघतो."

बाईंनी पेन्सिल उचलली. मग त्यांनी पाचाचे चाळीस केले. बाकीच्या चौघांना साठ वाटून दिले. माझ्यावर एकेक आकडा दाबला. मी छापलं. छोटी सहाशे पंच्याऐंशी. बाकीच्या दोन्ही पुष्कळ मागे.

"पण अप्पा, हीसुद्धा मी ओढूनताणूनच काढली ना?"

"असेल. मला तुमच्यातलं काय कळतंय! पण मागच्या अकरा तू वाचल्या की लगेच फाडल्यास. ही अजून हातात नाही घेतलीस. बघत बसली आहेस."

शुक्रवारी बाईंनी छोटीचं नाव कळवलं. संचालक म्हणे भुवया उंचावून म्हणाले, "ही कुठली?" ते ऐकून बाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

याला आता दीड वर्ष झालं. दर शनिवारी बाई खडूने माखून येतात आणि दारातच बोलू लागतात. त्यांना खुर्ची मिळाली का, असं तुम्ही विचाराल. अजून निर्णय व्हायचा आहे. त्यांनी बरोबर निवडलं की चुकीचं, तेही मला सांगता येत नाही. मी पुन्हापुन्हा त्या बारा पट्ट्या आठवतो. बाराही बेरजा बरोबर होत्या. मग चूक कुठे होती? का चूक नव्हतीच? मी गोंधळलेलं यंत्र आहे, मित्रांनो, माझ्या भरवशावर राहू नका.

एवढंच मागणं आहे. घरात माझ्यासारखं कुणी जुनं असेल तर अधूनमधून धूळ झटका, फीत सुकली तर बदला. आणि मनासारखं उत्तर आलं नाही म्हणून पट्टी फाडायचीच असेल, तर फाडा. फक्त तिच्यावर तारीख घाला आणि ठेवून द्या. कुणीतरी कधीतरी भिंग लावून बघेल.