शेवटचं गीत आणि बाबांचा हात

पाळकसाहेब, तुम्ही भर चर्चमध्ये खोटं बोललात. म्हणे बाबांनी स्वतःहून पेटी वाजवण्यातून विश्रांती मागितली. विश्रांती मागणाऱ्याच्या पायपेटीला दुसऱ्याने कुलूप घालावं लागत नाही. किल्ली तुमच्या खिशात आहे.

माझे बाबा संत नाहीत, हे मला तुमच्याकडून शिकायला नको. शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस. हाताला तेलाचा वास आणि तोंडाला दारूचा. किती वेळा सोडली, किती वेळा धरली, याचा हिशेब आईने ठेवणं सोडून दिलं, आणि मग आईच गेली. आता दारू सुटली, तर हात थरथरतो. दुकानात सुईत दोरा मी ओवते.

"सुई हलते गं," ते म्हणतात.

"सुई नाही हलत, बाबा."

"मग दुकान हलत असेल."

तरी दर रविवारी ते पेटीवर बसायचे. पाय पक्के, जन्मभर पायमशीन चालवून पाहिलेले. गोंधळ एकाच जागी व्हायचा. शेवटच्या गीतात दुसरी ओळ संपली की उजवा हात झटकन वरच्या सुरांवर न्यायचा असतो. तो हात भरकटायचा, चाचपडायचा आणि मग पोचायचा. तेवढा वेळ सगळे ओळीचा शेवटचा शब्द धरून ठेवायचे. असं कोणी ठरवलं नव्हतं. पोरांना तर चालच तशी वाटते.

गेल्या रविवारी पेटीच्या जागी तुमचं नवं, आपोआप चाल वाजवणारं यंत्र वाजलं. एक सूर चुकला नाही. दुसरी ओळ संपली आणि सगळं चर्च थांबलं. यंत्र गेलं पुढे. माझी आत्या डोळे मिटून शब्द ताणत उभी. तुम्ही यंत्र बंद केलंत, "जरा लक्ष असू द्या" म्हणालात, पुन्हा लावलंत. पुन्हा सगळे तिथेच अडले.

मागून दूधवाला म्हणाला, "साहेब, यंत्राला थोडा दम खायला शिकवा."

लोक हसले. तुम्ही नाही हसलात. बाबाही नाही. ते माझ्याशेजारी शेवटच्या बाकावर होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"हे सगळे का थांबतात?"

"तुमच्यासाठी. नेहमीच थांबतात."

"मला कधी कोणी बोललं नाही."

"त्यात बोलायचं काय?"

गीत संपलं, बाकं रिकामी व्हायला लागली, तरी ते उठेनात. मग हळूच म्हणाले, "मला वाटायचं, मी वेळेवर पोचतो."

मी अर्धवट शाळा सोडलेली बाई. तुमचं धर्मशास्त्र मला येत नाही. पण देव माणसासाठी थांबतो म्हणजे कसा थांबतो, ते मला त्या बाकावर कळलं. मागे राहिलेल्याला आपण मागे राहिलोय हेही कळू देत नाही. मला स्वतःला हे जमत नाही, मी तोंडाळ आहे. पण तुमचं तर कामच ते आहे.

त्याच दुपारी बाबा तुमच्या दारात आले. जन्मात कोणाकडे काही न मागितलेला माणूस टोपी हातात घेऊन म्हणाला, "किल्ली द्याल का? फक्त शेवटच्या गीतापुरती."

तुम्ही म्हणालात, "बघू."

बघू म्हणजे काय? या रविवारी तुम्ही पुन्हा वर चढून देवाची सहनशीलता सांगाल. ती मग सांगा. आधी हे सांगा, कुलूप काढणार आहात की नाही?