जुना हिरवा

पेंटर कोपऱ्यावर सायकलवरून उतरला आणि क्षणभर त्याला वाटलं, आपण चुकून भलत्याच गल्लीत शिरलो.

दुकान त्याचंच होतं. दारावरची पाटी त्याच्याच हातची होती. पण दुकानाची बाजूची भिंत खरवडून पांढरीफटक झाली होती. भिंतीवर तीन कुंड्या टांगल्या होत्या आणि खाली तीसेक माणसं झाडू, खरवडायचे पत्रे आणि घमेली घेऊन उभी होती. सगळ्यांच्या डोक्यावर गाव सजवणाऱ्या समितीच्या टोप्या. त्याला बघून त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"कसं वाटलं सरप्राइज?" बँकेतून निवृत्त झालेला मॅनेजर म्हणाला. "चाळीस वर्षांची घाण एका सकाळीत साफ!"

पेंटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं सायकल तशीच आडवी टाकली, पहिली कुंडी उपटली आणि रस्त्यावर आपटली. मग दुसरी. तिसरीपर्यंत टाळ्या थांबल्या होत्या.

"घाण तुमच्या डोक्यात!" तो ओरडला. "कुणाला विचारून हात लावलात?"

"मला विचारून," गर्दीमागून आवाज आला. आवाज त्याच्या थोरल्या बहिणीचा होता. ताई शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती आणि आता समितीची अध्यक्ष होती. हातात समितीची हिरवी फाईल, नाकावर चष्मा, आणि समोरचा माणूस पन्नाशीचा असला तरी त्याला बाकावर उभं करण्याची तयारी. "भिंत बाबांची. म्हणजे अर्धी माझी. माझी अर्धी मी साफ केली. तुझी अर्धी मधे आली, त्याला माझा इलाज नाही."

लोक हसले. सार्वजनिक कामाला निघालेल्या माणसाला दुसऱ्याच्या अपमानाचं हसू फार लवकर येतं.

ती घाण नव्हती. बाबांनी सुरू केलेली सवय होती ती. गावातल्या कुठल्याही दाराचा, खांबाचा, कठड्याचा रंग कालवला, की त्याचा शेवटचा फटकारा त्या भिंतीवर मारायचा आणि शेजारी खिळ्यानं खूण करायची. चौकातल्या दारांचा हिरवा, त्याला दाराची खूण. कारंज्याच्या कठड्याचा राखाडी, त्याला थेंबाची. भिंत रुंद छपराखाली असल्यानं तिच्यावर ना ऊन येई ना पाऊस. गावभरचे रंग उडाले तरी भिंतीवरचे होते तसेच राहिले. पुढं पुन्हा तोच रंग लागला, की नवा रंग जुन्या फटकाऱ्याला अगदी चिकटवून लावायचा आणि वाळू द्यायचा. दोघांमधली कडा दिसेनाशी झाली, की जुळला. "डोळा खोटं बोलतो," बाबा म्हणायचे, "कडा बोलत नाही."

आणि पेंटरचा डोळा गेली दोन वर्षं सर्रास खोटं बोलत होता.

हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, घरात बायकोलाही नाही. परगावच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलाय, सगळं पिवळ्या काचेतून दिसतंय तुम्हाला, ऑपरेशन करून टाका. पेंटर मान डोलावून बाहेर पडला तो पुन्हा त्या पायऱ्या चढला नाही. बाबांनाही हेच सांगितलं होतं. तो नको नको म्हणत असताना ताईनं हट्टानं त्यांना ऑपरेशनला नेलं. डोळ्यात पू होऊन तो गेला, आणि त्याच्यामागोमाग दुसराही गेला. पुढची तीन वर्षं बाबा दुकानात बसून त्या भिंतीवरून नुसता हात फिरवत राहिले. ते गेले त्या दिवशी पेंटर सगळ्या नातेवाइकांसमोर ताईला म्हणाला होता, "तू आंधळं केलंस त्यांना." तेव्हापासून भावंडांमधून विस्तव जात नव्हता.

भिंत होती तोवर निभत होतं. पिवळ्या काचेतून का होईना, भिंतीला नाक टेकवून बघितलं, की शेजारी शेजारी लावलेल्या दोन रंगांची कडा त्याला कळायची. आता भिंतच गेली होती.

पंधरा दिवसांनी ताई दुकानाच्या पायरीशी आली. आत काही ती आली नाही. सोबत मॅनेजर होता.

गाव जुन्या गावांच्या यादीत आल्यापासून लोकांच्या अंगात आलं होतं. खिडकीत कपडे वाळत घालायची चोरी, ओट्यावर पसरून बसायची चोरी, चालताना शेंगांचं टरफल पडलं तर मागून शिट्टी. आता सुंदर गावांच्या स्पर्धेचे परीक्षक यायचे होते, आणि त्यांनी कळवलं होतं, की चौकातल्या अकरा दारांना मूळचाच रंग हवा.

"मग द्या की," पेंटर म्हणाला.

मॅनेजर खाकरला. "त्याचं असं झालं, की दारं आधीच खरवडून झालीत. लोकांचा उत्साह हो. पार लाकडापर्यंत."

"एकावर तरी ठिपका शिल्लक असेल."

"पॉलिशपेपर मारला ना."

पेंटरला हसू आलं, आणि ते चांगलं नव्हतं. "म्हणजे दारावरचा हिरवा तुम्ही खरवडला आणि भिंतीवरचाही खरवडला. आता कुठून आणू? तुमच्या टोपीतून?"

"भिंत कशाला लागते तुला?" ताई म्हणाली. "चाळीस वर्षं तोच रंग कालवतोयस. बाबा झोपेत कालवायचे. तुला जमत नसेल तर तसं सांग, आम्ही दुसरा माणूस बघतो. जमत नाही म्हणायला लाज कसली?"

तिनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं, आणि तिला ते माहीतही नव्हतं. पेंटरला एकच वाक्य बोलायचं होतं, मला रंग नीट दिसत नाही. ते तो एकवेळ सगळ्या गावासमोर बोलला असता, पण हिच्यासमोर नाही. हिनं लगेच त्याचं बखोट धरून त्याला त्याच दवाखान्याच्या पायऱ्या चढवल्या असत्या.

"जमत नाही म्हणणारा अजून जन्माला यायचाय," तो म्हणाला. "पण काम होईस्तोवर कुणी मधे तडमडायचं नाही."

त्यानं रंग कालवला. पिवळा, निळा, चिमूटभर काळा, नखभर गेरू. डब्यातला रंग त्याला सारखा पिवळट वाटे, म्हणून तो निळा घाली. ढवळे, बघे, आणखी निळा घाली. शेवटी आठवणीतला हिरवा डब्यात उतरला तेव्हा त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. भिंतीवाचून जमलं, असं त्याला वाटलं.

आठवडाभर तो दारांवर राबला. प्रत्येक दार रंगवून झालं, की त्यावर धूळ बसू नये म्हणून समोर चादर सोडायचा. एकदा मॅनेजरनं चादर बाजूला करून डोकावून बघितलं.

"हे अस्तर का? वरून हिरवा येणार ना?"

"तुम्ही बँक सांभाळलीत तेवढी पुरे," पेंटर गुरकावला. असल्या उंटावरच्या शहाण्यांना रंगातलं काय कळणार, म्हणून त्यानं ते तिथंच सोडून दिलं.

परीक्षक यायच्या आदल्या सकाळी समिती चौकात जमली. टोप्या, फुलं, फोटोवाला, सगळं होतं. ताईनं खूण केली आणि अकरा चादरी एकदम खाली आल्या.

कुणीच बोललं नाही. पेंटरला ती शांतता गोड लागली. त्याच्यासमोर बाबांच्या काळचा चौक उभा होता, अकराच्या अकरा दारं हिरवीगार.

"निळी केली की हो!" एक बाई किंचाळली.

"दवाखाना वाटतोय नुसता!"

पेंटरनं दारांकडे बघितलं. हिरवी होती. पुन्हा बघितलं. मग त्याला मॅनेजरचं ते अस्तर आठवलं, आणि त्यानं हातातला डबा खाली ठेवला.

"सूड उगवलाय यानं!" मॅनेजर तांबडालाल झाला. "भिंतीचा सूड! उद्या परीक्षक येणार, आता रंग वाळायलाही वेळ नाही. मुद्दाम केलंय हे!"

पेंटरला पळवाट दिसली. घाणेरडी होती, पण होती.

"हो," तो मोठ्यानं म्हणाला. "मुद्दाम केलं. माझी भिंत पुसलीत ना? घ्या आता."

मग गाव त्याच्यावर तुटून पडलं. गद्दार, विघ्नसंतोषी, काय वाटेल ते. याच्या ब्रशाला पुन्हा कुणी काम द्यायचं नाही, असं तिथल्या तिथं ठरलं. कुणीतरी त्याचा डबा लाथाडला. तो ताठ उभा राहिला. शिव्या खाता येत होत्या. कीव खाता आली नसती.

ताई गर्दीतून पुढं आली, त्याच्या दंडाला धरून त्याला शेवटच्या दाराशी घेऊन गेली आणि गर्दीकडे पाठ करून उभी राहिली. हातातली समितीची फाईल तिनं दाराला अगदी चिकटवून धरली.

"कडा दिसते का?" तिनं हळूच विचारलं.

तीही त्याच बापाची लेक होती, हे तो विसरला होता. समितीची फाईल नेहमी हिरवी असते की निळी, हे तो आठवू लागला. आठवेना. दिसते म्हणावं की नाही म्हणावं? त्याला तिथं एकच रंग दिसत होता. कडा शोधायला तो नकळत खाली वाकला, आणखी वाकला, नाक फाईलला टेकेपर्यंत.

तेवढं ताईला पुरे झालं.

तिच्या हातातून फाईल खाली पडली. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर बाबा गेले त्या दिवशीचा भाव आला. पेंटरनं तो बघितला. आता ही ओरडणार. आता सगळ्यांना कळणार.

ताई वळली आणि खरंच ओरडली.

"मुद्दामच केलंय यानं!" शाळेच्या मैदानावर लावायची तो आवाज तिनं लावला. "लहानपणापासून मी ओळखते याला. असाच आहे हा, दीडदमडीचा, खुनशी! कुणी याच्या तोंडी लागू नका. चला, चादरी परत लावा, ब्रश आणा, मिळेल तो हिरवा आणा!"

गर्दी हलली. एकेक जण जाताना त्याच्या पायाशी थुंकल्यासारखं करून गेला. ताईनं वाकून फाईल उचलली आणि तिच्यावरची धूळ झटकली.

"दवाखान्यात ये म्हणणार नाही मी," त्याच्याकडे न बघता ती पुटपुटली. "पुन्हा कधीच कुणाला म्हणणार नाही."

पेंटरला काहीतरी लागट बोलायचं होतं. इतकी वर्षं जिभेवर तयार असायचं. ताई चादरीची दोरी बांधत होती, आणि गाठ तिला जमत नव्हती. त्यानं दोरीचं दुसरं टोक हातात घेतलं.